प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, तेव्हा अंतःकरणाचे काय होत असते?

प्रश्न असा आहे: "आमच्या घरी लहानपणापासून संध्याकाळची प्रार्थना होते. काही वर्षांपूर्वी एका प्रार्थना शिबिरात माझे हृदय भरून आले, मी खूप रडले आणि त्यानंतर बराच काळ पहाटेच्या प्रार्थनेत मन हलके होत असे. आता कित्येक महिने शब्द तोंडातून निघतात, पण आत काहीच हलत नाही. देव दूर गेला आहे की माझाच विश्वास आटला आहे? संडेस्कूलची जबाबदारी सोडून द्यावी असे वाटते, कारण जे मलाच जाणवत नाही ते मुलांना कोणत्या तोंडाने शिकवू? प्रार्थनेने अंतःकरण खरोखर बदलते का? तुमचा स्वतःचा अनुभव काय आहे?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. प्रार्थनेने अंतःकरण बदलते, असे मी अनेक वर्षांच्या पाळकीय सेवेनंतर खात्रीने सांगू शकतो. पण तो बदल शोधण्यासाठी तुम्ही जी जागा निवडली आहे, म्हणजे प्रत्यक्ष प्रार्थनेची ती वीस-पंचवीस मिनिटे, ती त्यासाठी बहुधा सर्वांत गैरसोयीची जागा आहे. गुडघे टेकलेले असताना काय वाटले यापेक्षा उठल्यावर, स्वयंपाकघरात, कचेरीत, नणंदेशी बोलताना आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर आपण कसे वागलो, हे पाहिले तर बरेच काही हाती लागते. संडेस्कूलविषयी पुढे सविस्तर लिहितो. तूर्त एवढेच की आज राजीनामा देऊ नका.

मात्र आध्यात्मिक कारणांकडे वळण्याआधी शरीराची चौकशी करावी लागते. माझ्याकडे अशी तक्रार घेऊन कोणी आले, की मी आधी झोप, जेवण आणि कामाचा ताण यांविषयी विचारतो. काहींना याचे आश्चर्य वाटते, कारण त्यांनी पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) एखादे वचन मिळेल अशा अपेक्षेने दार ठोठावलेले असते. परंतु एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवली, त्याला पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले आणि त्यानंतरच होरेब डोंगराची वाट धरायला सांगितले. तुमची भूक मंदावली असेल, पहाटे नको इतक्या लवकर जाग येऊन छाती धडधडत असेल, पूर्वी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टी फिक्या वाटत असतील, किंवा जगणेच नकोसे होत असेल, तर ते नैराश्याच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. गोळी घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, अशी जी समजूत आपल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) अजूनही दबक्या आवाजात फिरते, तिला कशाचाही आधार नाही.

शरीर ठीक आहे असे धरून पुढे जाऊ. मी प्रोटेस्टंट मंडळीचा पाळक असलो, तरी अंतःकरणातील हालचाली कशा ओळखाव्यात हे मला येशूसंघीय (जेझुइट) कॅथलिक फादरांच्या सहवासात शिकायला मिळाले, आणि त्यांच्या या पद्धतीचा उगम ज्या घटनेत आहे ती मला तुमच्या प्रश्नाशी फार जवळची वाटते. १५२१ साली स्पेनमधील पांप्लोना येथील लढाईत इग्नेशियस लोयोला या सरदाराच्या, म्हणजे पुढे येशूसंघ स्थापणाऱ्याच्या, पायाला तोफेचा गोळा लागला आणि त्याला घरी आणून महिनोन्‌महिने अंथरुणावर ठेवावे लागले. वेळ घालवण्यासाठी त्याने शूर सरदारांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून त्याला ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा देण्यात आल्या. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने रंगवू लागला. एकात तो एका थोर घराण्यातील स्त्रीसाठी पराक्रम गाजवत असे आणि दुसऱ्यात अनवाणी जेरुसलेमला जाऊन संतांसारखे खडतर जीवन जगत असे. गंमत अशी की रंगवताना दोन्ही स्वप्ने सारखीच गोड लागत. फरक नंतर पडे. पहिले स्वप्न ओसरले की मन कोरडे आणि असमाधानी होई. दुसरे ओसरल्यावरही आनंद टिकून राही. एके दिवशी हा फरक त्याच्या लक्षात आला आणि तिथून त्याचे सगळे आयुष्य फिरले.

या गोष्टीत कळीचा शब्द 'नंतर' हा आहे. त्या क्षणी काय वाटले यावरून त्याला काहीच कळले नसते. प्रार्थनेच्या साधनेवर त्याने पुढे लिहिलेल्या ग्रंथाला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यात तो ज्याला सांत्वन म्हणतो त्यात गोड भावना येतात, अश्रूही येतात. पण विश्वास, आशा आणि प्रीती यांत होणारी कोणतीही वाढ, मग ती जाणवो अगर निसटती असो, त्याच्या लेखी सांत्वनच आहे. याउलट मनात अंधार दाटणे, हलक्या गोष्टींकडे ओढ लागणे, आळस आणि देवापासून तुटल्यासारखे वाटणे याला तो शुष्कतेची अवस्था म्हणतो, आणि तिची तीन कारणे देतो: कधी आपण स्वतःच ढिलाई केलेली असते; कधी बक्षिसाशिवाय आपण किती वाट चालतो याची परीक्षा होत असते; आणि कधी, सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे, हे आपल्याला कळावे म्हणून ते काढून घेतले जाते. तिसरे कारण लोकांना पटायला सर्वांत जड जाते. शिबिरानंतरच्या त्या भरल्या दिवसांत आपल्याला प्रार्थना 'जमू' लागली असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या वाटण्यात देवापेक्षा स्वतःविषयीचे कौतुक कधी शिरले हे ध्यानातही येत नाही.

आता माझा अनुभव. वडिलांच्या पश्चात शेतजमिनीच्या वाटणीवरून माझ्यात आणि धाकट्या भावात वितुष्ट आले. बांधावरचे लिंबाचे झाड कोणाच्या हिश्श्यात, इथून सुरू झालेला वाद मोजणीपर्यंत आणि तलाठ्यापर्यंत गेला आणि आमचे बोलणे बंद झाले. त्या काळात रोज रात्री घरात प्रभूची प्रार्थना म्हणताना, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीपाशी माझा आवाज आपोआप खाली जात असे आणि घरातली मंडळी ती ओळ माझ्याशिवाय पुरी करत. पत्नीच्या ते लक्षात आले होते, पण ती काही बोलली नाही. मी भावासाठी प्रार्थना करायचे ठरवले, तीही कर्तव्य म्हणून. त्याचे नाव घ्यायचे, त्याच्या मुलांची नावे घ्यायची, एवढेच. ती नावे घेताना मला प्रेम वाटले नाही, शांती वाटली नाही, बहुतेक वेळा चीडच आली, आणि ती देवाला सांगून मी झोपायला जात असे. असे कितीतरी दिवस चालले. मग एकदा बाजाराच्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की त्याच्या घरावरून जाणारा रस्ता टाळून ओढ्याच्या बाजूने लांबचा वळसा घालण्याची माझी सवय कधीतरी मोडली होती. कोणत्या दिवशी मोडली, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढे काही दिवसांनी त्याच्या मुलीच्या बारावीच्या निकालाची चौकशी मी केली आणि ती करताना घसा दाटला नाही. झाडाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. प्रार्थनेने मोजणीचा नकाशा बदलत नाही.

हा अनुभव मी मुद्दाम सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखा एकही उत्कट क्षण नाही. मंडळीत साक्ष द्यायला उभे राहिल्यावर आपण ज्या प्रकारच्या हकिकती सांगतो, त्यात अशी हकिकत कधी येत नाही, आणि त्यामुळे ऐकणाऱ्यांचा असा समज होतो की अंतःकरणाचा बदल नेहमी उचंबळूनच येतो. अश्रूंना मी कमी लेखत नाही. इग्नेशियसनेच १५४४-४५ च्या आपल्या खासगी टिपणवहीत मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळी आलेल्या अश्रूंच्या नोंदी जवळजवळ दररोज केलेल्या आहेत, आणि ज्याच्या डोळ्यांना प्रार्थनेत पाणी येते त्याने त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. परंतु रात्रीच्या प्रार्थनासभेत कीबोर्डचा एकच सूर लांबत असतो, शेजारची व्यक्ती हुंदके देत असते, ध्वनिक्षेपकावरून आवाज चढत असतो. अशा वेळी येणाऱ्या अश्रूंत काही वाटा देवाचा, काही गर्दीचा आणि काही थकव्याचा असतो, आणि तो तिथल्या तिथे वेगळा करता येत नाही. आठवड्याने करता येतो. शिबिरातून परतल्यावर तुम्ही कोणाची माफी मागितली का, कोणाचे पैसे परत केले का, घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलण्याचा सूर बदलला का, हे आठवून पाहा. तुमच्या बाबतीत तसे काही घडले असेल तर ते शिबीर खरे होते आणि आजच्या कोरडेपणाने ते खोटे ठरत नाही.

आविलाची तेरेसा ही ख्रिस्ती प्रार्थनेच्या इतिहासातील मोठी गुरू मानली जाते. तिने आपल्या आत्मकथनात स्पष्ट लिहिले आहे की कित्येक वर्षे प्रार्थनेच्या तासात तिचे लक्ष तो तास कधी संपतो आणि घड्याळाचा ठोका कधी पडतो याकडेच असे. हे वाचल्यावर अनेकांना धीर येतो. तिनेच प्रार्थनेला बागेच्या शिंपण्याची उपमा दिली आहे: विहिरीतून हाताने पाणी शेंदणे, रहाटाने काढणे, ओढ्याचे पाणी वळवणे आणि अखेर पाऊस पडणे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. तुम्ही शिबिरात जो अनुभवलात तो पाऊस होता. आता पोहरा हाताने ओढायचा आहे. विहीरच आटली आणि पोहरा रिकामा वर आला तरी काय करावे, याचेही उत्तर ती देते: आपल्याकडून जेवढे होईल तेवढे करत राहावे, फुलांना जगवण्याचे काम बागेच्या धन्याचे आहे. पुढे, वय वाढल्यावर, आपण देवावर प्रीती करतो की नाही हे आपल्याला नीटसे कळू शकत नाही, पण शेजाऱ्यावर करतो की नाही हे मात्र कळू शकते, असा व्यवहारी निकषही तिने दिला. त्याहून नेमका निकष मला अजून सापडलेला नाही.

तिचा सहकारी क्रूसभक्त योहान याने या कोरडेपणाचा आणखी बारकाईने विचार केला. कोरडेपणा ढिलाईतून आला आहे, आजारातून आला आहे की देव माणसाला पुढच्या टप्प्यावर नेत आहे, हे ओळखण्यासाठी तो तीन खुणा सांगतो. देवाच्या गोष्टींत रस वाटत नाही, पण इतर गोष्टींतही वाटत नाही, ही पहिली. आपण देवाची सेवा करण्यात मागे पडत आहोत अशी चिंता मनाला सतत लागून राहते, ही दुसरी. पूर्वीसारखे एखाद्या प्रसंगाचे चित्र मनात उभे करून त्यावर विचार करणे प्रयत्न करूनही जमत नाही, ही तिसरी. यातली पहिली खूण केवळ उदास प्रकृतीमुळेही दिसू शकते, म्हणून दुसरी खूण सोबत आहे की नाही हे पाहावे, असेही तो बजावतो. सोळाव्या शतकातल्या संन्याशाला हे भान होते, ही गोष्ट मला विशेष वाटते. तुमच्या पत्रातली 'मुलांना कोणत्या तोंडाने शिकवू' ही तळमळ मी दुसऱ्या खुणेत मोजतो. ज्याचा विश्वास आटला आहे त्याला हा प्रश्न पडत नाही; तो निमूटपणे यायचा थांबतो.

आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर पंडिता रमाबाईंचे घ्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, आणि ती आंतरिक खात्री येण्यास त्यानंतर सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत नमूद केले आहे. या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये मुंबईत त्यांचे शारदा सदन याच काळात सुरू झाले. पुढे १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात मुलींच्या प्रार्थनांतून जे मोठे आध्यात्मिक जागरण (रिव्हायव्हल) झाले, त्याच्या रडण्याच्या, मोठमोठ्याने केलेल्या प्रार्थनांच्या हकिकती दूरवर पोहोचल्या आणि आजही उत्साहाने सांगितल्या जातात. त्या मानाने त्यानंतरच्या कामाविषयी कमी बोलले जाते. हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले, ऐकू येणे कमी झालेले असताना केले, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेल्यावरही सोडले नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते हातावेगळे झालेले होते. व्याकरण, कोश आणि मुद्रितशोधन यांत कोणाचे हृदय उचंबळून येत नाही. प्रार्थनेने रमाबाईंच्या अंतःकरणाचे काय केले, असे मला विचारले तर मी १९०५ च्या जागरणाइतकेच या कामाकडेही बोट दाखवीन.

आता तुम्ही काय करावे हे सांगतो. सध्या जे शब्द तुम्ही तोंडाने म्हणता ते बहुधा चांगल्या दिवसांतले आहेत: स्तुती, आभार, 'प्रभू, तू किती चांगला आहेस'. ते खोटे नाहीत, पण आज तुमच्या मनात जे आहे ते त्यांत येत नाही, आणि जे मनात आहे ते बाहेर ठेवून प्रार्थनेला बसले की अंतःकरण साहजिकच दाराबाहेर राहते. स्तोत्रकर्त्यांनी असे केले नाही. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत देवाला 'कुठवर?' असा प्रश्न पुन्हा पुन्हा केलेला आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर आशेचा एकही किरण न दाखवता अंधारातच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि मंडळीने ते शतकानुशतके प्रार्थना म्हणून म्हटले आहे. तुकोबांचे विठ्ठलाशी भांडण ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा सूर परका वाटण्याचे कारण नाही, पण आपल्या मंडळ्यांत देवाकडे तक्रार करणे अजूनही उद्धटपणाचे समजतात. नवऱ्याच्या दारूपायी गांजलेल्या एका शिक्षिकेला मी हे अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र रोज मोठ्याने वाचायला सांगितले होते. काही दिवसांनी ती म्हणाली, "पाळकसाहेब, पहिल्यांदाच वाटलं, की मी देवाशी बोलतेय. आधी मी त्याला रिपोर्ट देत होते." नवरा तेव्हा सुधारला नव्हता. ती मात्र पगार त्याच्या हाती न देण्याइतकी खंबीर झाली होती, आणि या खंबीरपणाला प्रार्थनेचे फळ म्हणायला मी कचरत नाही.

धरला जाण्यापूर्वी येशूने गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थनाही या दृष्टीने पुन्हा वाचा. मत्तय सांगतो की येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द म्हटले. म्हणजे नवे शब्द सुचत नाहीत म्हणून खंत करण्याचे कारण नाही. लूकच्या वृत्तांतात देवदूत येऊन त्याला शक्ती देतो, आणि त्यानंतर त्याची वेदना कमी झाल्याचे नव्हे, तर तो अत्यंत विव्हळ होऊन अधिकच आग्रहाने प्रार्थना करू लागल्याचे लिहिले आहे. जो दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्याने विनवणी केली होती, तो टळला नाही. परंतु ज्याने भयाने जमिनीवर पालथे पडून प्रार्थना सुरू केली होती, तोच ती संपल्यावर उठतो, झोपलेल्या शिष्यांना जागे करतो आणि धरायला येणाऱ्यांना सामोरा जातो. फिलिप्पैकरांस पत्रात पौल ज्या शांतीविषयी लिहितो, ती अंतःकरणाचे 'रक्षण' करते असे तो म्हणतो; आणि हे लिहिताना तो स्वतः तुरुंगात होता.

रोजची वेळ एवढ्यासाठी वाढवू नका. वीस मिनिटे ठरली असतील तर वीसच ठेवा, फक्त ती पुरी होण्याआधी उठू नका; कंटाळा फारच आला तर इग्नेशियसचा सल्ला असा की ठरल्यापेक्षा थोडे जास्तच बसावे, म्हणजे कंटाळ्याच्या हाती निर्णय जात नाही. एखाद्या वचनापाशी मन थबकले तर अध्याय संपवण्याची घाई न करता तिथेच थांबा. प्रार्थना झाल्यावर एका वहीत दोन ओळी लिहा: कुठे मन गेले, कशाचा राग आला, कोणाचा चेहरा आठवला. आणि रात्री दिवसभराची उजळणी करा. सकाळपासून कोणत्या घटकेला मन मोकळे होते, कोणत्या घटकेला आखडले, आणि त्या वेळी समोर कोण होते, एवढेच देवासमोर पाहायचे असते. एरवी आपण रात्री पापांची यादी करतो. या उजळणीत आभारांपासून सुरुवात करायची असते आणि तो क्रम बदलू नये. असे नियमाने केल्यावर बहुतेकांना कोरडेपणामागची एखादी ठोस गोष्ट दिसू लागते: टाळत आलेली भेट, न बोललेले दुःख, नाहीतर नुसता अतिश्रम. काहींना काहीच दिसत नाही, आणि तेव्हा मी योहानाच्या खुणांकडे वळतो.

राहिला संडेस्कूलचा प्रश्न. शुष्कतेच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हा इग्नेशियसचा नियम मी आजवर जितक्यांना सांगितला, त्यांपैकी ज्यांनी तो पाळला त्यांना पश्चात्ताप झालेला मी पाहिला नाही. भरल्या मनाने स्वीकारलेली जबाबदारी रित्या मनाने टाकू नका. पुढे मन स्थिर असताना ती सोडावीशी वाटली तर खुशाल सोडा, त्यात काही गैर नाही. तोवर मुलांना शिकवताना जे जाणवत नाही ते जाणवते असे भासवण्याची गरज नाही. येत्या रविवारी एलीयाची गोष्ट घ्या. भाकर आणि झोपेचा भाग मुलांना फार आवडतो. सध्या पहाटेच्या प्रार्थनेला तेराव्या स्तोत्राने सुरुवात करा, वहीत झोपेचे तासही लिहीत जा, आणि महिना-दीड महिन्याने ती वही घेऊन तुमच्या पाळकांकडे किंवा तुम्हाला विश्वास वाटेल अशा एखाद्या वडीलधाऱ्या बहिणीकडे जाऊन बसा.